मारामारीच्या केसमध्ये दंड भरला होता. पोलीस भरतीच्या साक्षांकन नमुन्यात (उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म) ते लिहावं का? आणि वकिलीची सनद घ्यायला अडचण येईल का?

लिहायचंच. "केस मिटली, आता कोण बघतंय" हा सल्ला तुम्हाला बहुतेक भरतीच्या अकॅडमीतून मिळाला असणार. आमच्याकडच्या एका अकॅडमीवाल्या सरांशी माझं यावरून कायम वाजतं.

मुळात तुमची केस मिटलेली नाही. साध्या दुखापतीच्या कलम 323 मध्ये (जुन्या भारतीय दंड संहितेचं, आता भारतीय न्याय संहितेचं 115(2)) फिर्यादीने रीतसर तडजोड केली असती तर ती कायद्याने निर्दोष मुक्तता ठरली असती. तुम्ही म्हणता, कॉलेजात असताना तारखांना कंटाळून गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. ती दोषसिद्धी झाली. लोकअदालतीत कबुली देऊन दंड भरला तरी तेच. पाचशे-हजारात सुटलो म्हणून पोरं घरी जातात आणि चारित्र्य पडताळणीत पाय अडकतो. ज्यांची केस अजून चालू आहे त्यांनी कबुलीआधी वकिलाला 1958 च्या प्रोबेशन कायद्याखाली अर्ज करायला सांगावं. ताकीद किंवा बंधपत्रावर सुटका झाली तर कलम 12 मुळे दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही. दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही, त्यामुळे तीही लिहायचीच.

नमुन्यात अटक, गुन्हा दाखल, खटला, शिक्षा यांचे प्रश्न वेगवेगळे असतात. सगळ्यांपुढे एकच "नाही" ठोकू नका. गु.र.क्र. (पोलिसांकडचा गुन्हा रजिस्टर क्रमांक), पोलीस ठाणं, कलमं, कोर्टातला एससीसी किंवा आरसीसी (समरी किंवा रेग्युलर क्रिमिनल केस) नंबर, निकालाची तारीख, दंडाची रक्कम लिहा. नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर नावाने शोधा, मग कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत काढून सोबत जोडा.

अवतार सिंग खटल्यात (2016) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की किरकोळ गुन्ह्याची माहिती दडवली असेल तर नियुक्ती अधिकारी ती चूक माफ करू शकतो. सर याच ओळीवर अख्खी बॅच चालवतात. "करू शकतो", करायलाच पाहिजे असं नाही! आणि त्याच निकालात माहिती खरीच हवी हेही आहे. अर्थात खरं लिहिलं तरी पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार खात्याला उरतोच, आणि पोलीस खात्यात तो कडक वापरला जातो.

वकिलीच्या सनदेचं विचारलंय, तिथे अडचण कमी. अधिवक्ता कायद्याच्या कलम 24अ ची अपात्रता नैतिक अधःपतनाच्या (फसवणुकीसारख्या) गुन्ह्याला लागते, तीही सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते. साधी दुखापत सहसा त्यात धरत नाहीत.

घटनेच्या दिवशी तुमचं वय किती होतं ते लिहिलेलं नाही. अकरावी-बारावीत, 18 च्या आत असाल तर दहावीचं प्रमाणपत्र घेऊन आधी वकील गाठा. बाल न्याय कायद्याच्या कलम 9 नुसार अल्पवयाचा मुद्दा निकालानंतरही काढता येतो, आणि तो मान्य झाला तर कलम 24 नुसार अपात्रता लागत नाही.