हवा मोजून पोट भरतं का?

नमस्कार,

तुमची मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. तिला हवेतल्या वायूंवर संशोधन करायचंय. तुम्ही विचारलंय, "हवा मोजून पोट भरतं का? त्यापेक्षा बी.एड. केलं तर गावाजवळ नोकरी तरी लागेल." काळजी रास्त आहे. राधानगरीकडं तुमची भातशेती आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

खाचरात पाणी साचून राहिलं की तळच्या चिखलात ऑक्सिजन उरत नाही आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. हा वायू पृथ्वी तापवतो. १९९०च्या सुमारास परदेशातल्या शेतांवरच्या मोजणीवरून हिशेब मांडला गेला, की भारताची भातशेती वर्षाला पावणेचार कोटी टनांहून जास्त मिथेन हवेत सोडते. मग दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकारानं १९९१ मध्ये आपल्याच खाचरांत मोजणी झाली. रोपांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, ठरावीक वेळानं आतली हवा सिरिंजनं काढायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायची. आकडा आला सुमारे ४० लाख टन! आपल्या शेतकऱ्याच्या नावावर टाकलेला केवढा बोजा या मोजणीनं उतरवला, बघा. तुमची मुलगी ज्या कामाकडं ओढली गेलीय, ते हे काम आहे.

मात्र ते चिकाटीचं आहे. हवेच्या दहा लाख रेणूंत मिथेनचे जेमतेम दोन, आणि त्यातलाही बारीकसा चढउतार पकडायचा असतो. साखर कारखान्याच्या काट्याचा संशय आला की तुम्ही प्रमाणित वजन ठेवून तो तपासायला लावता. इथंही प्रमाण आधीच पक्कं ठाऊक असलेल्या वायूचं सिलिंडर यंत्राला पुन्हा पुन्हा जोडून त्याचा आकडा ताडून बघावा लागतो. दिवसाचा बराच वेळ त्यात, गळती शोधण्यात आणि नोंदी ठेवण्यात जातो. ज्याला याचा कंटाळा येतो त्यानं या वाटेला जाऊ नये, मग गुण कितीही असोत.

आता पैशाचं. एम.एस्सी. शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात होईल. पुण्याच्या विद्यापीठात वातावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,००० आणि वर घरभाडं. म्हणजे पीएच.डी.चा खर्च तुमच्यावर पडत नाही. पण त्यात पाचेक वर्षं जातात, पुढं बहुतेकांना एकदोन वर्षं परदेशात तात्पुरत्या संशोधनात काढावी लागतात आणि शास्त्रज्ञाच्या कायम जागा थोड्याच निघतात. तिशी उलटेपर्यंत स्थैर्य नाही, हे धरूनच चला. लग्नाचा विषय तुम्ही पत्रात काढलाय. त्याची घाई या वर्षांत तिच्यावर लादू नका, एवढी विनंती.

जागा नाहीच मिळाली तर? क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर (वस्तुमानावरून रेणू ओळखणारं यंत्र) नीट चालवणारा माणूस औषध कंपन्यांना लागतो, प्रदूषण तपासणाऱ्या प्रयोगशाळांनाही लागतो. आणि एम.एस्सी.नंतर बी.एड. करायला कुणी अडवत नाही.

तिला आत्ता दोनच गोष्टी सांगा: गणित सोडायचं नाही आणि पायथन ही संगणकाची भाषा शिकायला लागायचं. मोजणीचे आकडे हातानं हाताळता येत नाहीत इतके असतात.

पुण्यात पाषाणला असलेली भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था कोल्हापूरहून काही तासांवर आहे. सिंहगडावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची आणि मिथेनची मोजणी याच संस्थेनं केली, महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळाही तिचीच. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि नैनितालची एरीज ही संशोधन संस्था याही याच कामातल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रकल्प मिळेल का, असं विचारणारं पत्र मुलीनं स्वतः तिथल्या शास्त्रज्ञांना लिहावं. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिची जाहिरातही बघावी. दहा पत्रांतली नऊ अनुत्तरित राहतील, त्यानं खचू नये.

प्रकल्प करून ती परत आली की नुसतं "आवडलं का?" असं विचारू नका. एकच नमुना पुन्हा मोजल्यावर आकडे जुळले नाहीत, तेव्हा तिनं काय केलं, ते विचारा. कारण सापडेपर्यंत ती यंत्रापाशी बसून राहिली असेल, तर जॅमचा अर्ज भरू द्या.