गरोदरपणात माझं काय चुकलं?

ठाण्यातल्या माझ्या ओपीडीत जनुकीय चाचणीचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्या आया बऱ्याचदा पाकीट उघडायच्या आधीच विचारतात, "मॅडम, गरोदरपणात माझं काय चुकलं?" हा प्रश्न मनात घेऊन झुरणाऱ्या, पण कुणापाशी न बोलणाऱ्याही पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी एका कुटुंबाशी झालेलं बोलणं इथे मांडते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कुटुंब घणसोलीचं. पाच महिन्यांची मुलगी, तिचे आईबाबा आणि बाबांची आई. बाळाचं कपाळ मोठं, नाकाचा दांडा बसका, दंड-मांड्या आखूड आणि त्यांवर गुबगुबीत वळ्या. रिपोर्टमध्ये निदान होतं अॅकॉन्ड्रोप्लेशिया, म्हणजे हातपाय आखूड राहून उंची कमी राहण्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. साधारण २५,००० जन्मांत एक. एफजीएफआर३ नावाच्या जनुकात डीएनएच्या एका अक्षराचा बदल, आणि त्यामुळे त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात ३८० व्या जागी ग्लायसिन या घटकाऐवजी आर्जिनिन.

आईने मोबाइलमध्ये यादीच करून आणली होती. आठव्या महिन्यापर्यंत ट्रान्स हार्बर लोकलने केलेला प्रवास, ठाणे स्टेशनचा पूल, एकदा खाल्लेली पपई, सर्दीची गोळी, ग्रहणाच्या दिवशी चिरलेली भाजी. आजींचा रोख दुसरीकडे होता. "आमच्या घरात असं कुणी नाही. हिच्या माहेरी एक चुलत मामा बुटका होता म्हणे." बाबांनी रिपोर्टमधला 'ऑटोसोमल डॉमिनंट' (जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बदलली तरी पुरतं) हा शब्द शोधून काढला होता. "म्हणजे आमच्यापैकी एकाकडून आलंय ना? दोघांचीही टेस्ट करून टाकू."

मी आधी आजींना उत्तर दिलं, कारण घरी गेल्यावर सुनेला ऐकावं लागणार होतं ते त्यांच्याकडून. "आजी, हा बदल कुणाच्या अंगात लपून राहत नाही. थॅलेसेमियासारखं यात नसतं. तिथे आईबाबा दिसायला निरोगी असतात आणि दोष आतून वाहून नेतात. हा बदल ज्याच्यात असतो त्याच्यात दिसतोच. हे दोघं सर्वसाधारण उंचीचे आहेत, म्हणजे दोघांच्यातही तो नाही. त्या मामांची उंची कमी असेल, पण त्याचा हिच्याशी संबंध नाही." त्यामुळे आईबाबांच्या चाचणीवर पैसे घालवायचीही गरज नव्हती. अशा दर दहा मुलांपैकी साधारण आठ मुलं सामान्य उंचीच्या आईबाबांच्याच पोटी येतात. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कुणाला काही दिसलं नाही, याचाही त्यांना राग होता. पण मांडीचं हाड मागे पडलेलं बहुधा चोविसाव्या आठवड्यानंतरच कळतं. यांचंही सातव्या महिन्यात कळलं.

मग आईच्या यादीकडे वळले. एकेक ओळ खोडत बसले नाही, कारण यादीतली प्रत्येक गोष्ट गर्भ राहिल्यानंतरची होती आणि हा बदल त्याआधी घडलेला असतो. गर्भधारणा झाली त्या क्षणी, त्या पहिल्या एका पेशीतच, हे अक्षर बदललेलं होतं. पुढच्या नऊ महिन्यांत पूल चढल्याने ते बदललं नाही आणि न चढल्याने ते पूर्ववतही झालं नसतं. एवढं ऐकूनच ती रडली, आणि मी तिला रडू दिलं.

इथे फार जपून बोलावं लागतं. बदल आधीचा म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "मग कुठून?" खरं उत्तर असं की तो जवळजवळ नेहमी शुक्राणूत घडलेला असतो. तेवढंच सांगून थांबलं तर दोष बाईच्या डोक्यावरून उतरतो आणि पुरुषाच्या डोक्यावर जाऊन बसतो. घरात दोषी माणूस हवाच असेल तर तोही चालतो. मला ते नको असतं. बाबांचं वय ४२ होतं. त्यांनी विचारलंच, "म्हणजे माझ्या वयामुळे?"

वयाचा संबंध जुनाच माहीत आहे. १९१२ मध्ये जर्मनीतल्या वाइनबर्ग या डॉक्टरांच्या लक्षात आलं की अशी मुलं भावंडांत बहुधा शेवटची असतात. १९५५ मध्ये इंग्लंडच्या पेनरोज यांनी दाखवलं की यात वडिलांचं वय महत्त्वाचं आहे. जनुक सापडलं १९९४ मध्ये. पुरुषाच्या वृषणात मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात आणि त्या आयुष्यभर विभागून शुक्राणू तयार करत राहतात. प्रत्येक विभाजनात सगळी अक्षरं नव्याने उतरवली जातात आणि एखादं चुकतं. आपल्यातला प्रत्येक जण आईवडिलांत नसलेली अशी साठ-सत्तर नवी अक्षरं घेऊन जन्मतो. बहुतेक अशा जागी पडतात की आयुष्यभर कळतही नाही. हे बाबांना सांगितलं, आणि हेही, की याच वयाच्या बहुसंख्य पुरुषांना ही स्थिती नसलेलीच मुलं होतात.

बाबा इंजिनिअर. त्यांना यंत्रणा समजून घ्यायची होती, आणि मलाही ती समजावायला आवडते, कारण एकदा ती कळली की पुढच्या बऱ्याच भीती आपोआप सुटतात. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. बाहेरून संकेत आला की रिसेप्टर आतल्या एका प्रथिनाला चेतवतो, ते पुढच्याला, असं करत निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि कोणती जनुकं चालू-बंद व्हायची ते ठरतं. हे दाराच्या बेलसारखं समजा. हाडाच्या टोकाशी कूर्चेची, म्हणजे मऊ-लवचीक हाडाची, वाढपट्टी असते आणि तिथूनच हाड लांब होतं, तिथल्या पेशींवर एफजीएफआर३ हे बटण आहे आणि ते दाबलं की आत निरोप जातो, "आता वाढ आवरा." तुमच्या मुलीत ते बटण अर्धवट दाबलेलंच राहिलं आहे. निरोप गरजेपेक्षा जास्त जातो, म्हणून कूर्चेच्या पेशी पुरेशा वाढत नाहीत आणि हाड आखूड राहतं. याउलट, १९९६ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची हाडं नेहमीपेक्षा लांब वाढली होती.

सगळ्यांत विलक्षण गोष्ट ही की तोच निरोप वेगळ्या पेशीत वेगळा अर्थ घेतो. कूर्चेत तो वाढ आवरतो. वृषणातल्या मूळपेशीत तोच विभाजनाला बळ देतो, म्हणून बदल झालेली मूळपेशी शेजारणींपेक्षा जास्त पसरते आणि वयाबरोबर तसे शुक्राणू वाढतात. कुणाच्या सवयीचा यात हात नाही. गर्भात अवयव घडवायला शरीर मोजकेच संकेतमार्ग वापरतं आणि तेच जागोजागी पुन्हा कामाला लावतं.

यावर बाबांनी दबकत मोबाइल पुढे केला. एफजीएफआर३ शोधल्यावर त्यांना मूत्राशयाचा कर्करोग दिसला होता आणि आठवडाभर त्यांनी ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. ते वाचलेलं खरं आहे. मूत्राशयाच्या अस्तरात हा मार्ग वाढीला चालना देतो आणि तिथल्या बऱ्याच गाठींत या जनुकात बदल सापडतात. पण ते बदल आयुष्यात पुढे त्या एका जागच्या पेशींत झालेले असतात. अॅकॉन्ड्रोप्लेशिया असलेल्या माणसांत कर्करोग जास्त असल्याचं आढळलेलं नाही. हा धसका आठवडाभर एकट्याने वाहण्यापेक्षा त्यांनी फोन केला असता तर पाच मिनिटांत सुटला असता. वाचणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, जनुकाचं नाव शोधून घाबरलात तर त्याच दिवशी विचारा.

आता मूळपेशींचा विषय. बाळाच्या नाळेतलं रक्त त्यांनी खासगी बँकेत साठवलं होतं आणि एका नातेवाइकाने 'स्टेम सेलने उंची वाढते' असं सांगून एका केंद्राचा नंबर दिला होता. पीएफ काढायची तयारी होती. मी स्पष्ट नको म्हटलं. नाळेतल्या पेशी बाळाच्याच आहेत, म्हणजे त्यांतही तेच बदललेलं अक्षर आहे. शिवाय त्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी, कूर्चा बनवणाऱ्या नव्हेत. सुईने दिलेल्या पेशी प्रत्येक हाडाच्या वाढपट्टीत जाऊन बसतात आणि तिथे काम करतात, असा पुरावा नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मान्य आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा रुग्णांवर वापर फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. कुणी पॅकेज सांगत असेल तर तिथून उठून या.

पैसा आणि लक्ष जिथे हवं ती जागा वेगळी आहे, मानेची. कवटीच्या तळाशी मज्जारज्जू ज्या भोकातून खाली उतरतो ते या बाळांत अरुंद असतं. तिथे दाब आला तर झोपेत श्वास थांबू शकतो आणि पहिल्या वर्षा-दोन वर्षांत हा धोका खरा असतो. म्हणून झोपेची तपासणी, डोक्याचा घेर या मुलांच्या वेगळ्या तक्त्यावर मोजणं आणि गरज पडल्यास मानेचा एमआरआय. बाळाला अजून कुणी मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवलंच नव्हतं. त्याच आठवड्याची वेळ घेतली.

घरातल्या गोष्टींत आजी कामी आल्या. मालिशवाल्या बाई बाळाला पाय धरून उलटं करत आणि मान ताणत. ते त्या दिवसापासून बंद. कापडी झोळीत मान छातीवर दुमडते आणि पाठ वाकते, म्हणून झोळी नको, सपाट टणक बिछाना हवा. उशांना टेकवून बसवायचं नाही आणि वॉकर तर आणायचाच नाही. पाठीत बळ यायच्या आधी बसवलं तर कण्याला बाक येतो. पुढच्या महिन्यात उष्टावण होतं. मामाने मांडीवर उभं न बसवता हातावर मागे रेलून, पाठ-मान धरून घास भरवावा, असं सांगितलं. आजींनी दोनदा करून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून विचारलं. "आणि डोकं? म्हणजे हुशारी?" हाही प्रश्न त्यांचाच. बुद्धी इतर मुलांसारखीच असते. बसणं-चालणं उशिरा येतं, कान वारंवार फुटू शकतात, तेव्हा ऐकण्याची तपासणी चुकवायची नाही.

औषधाचंही सांगितलं. व्होसोरिटाइड नावाचं रोजचं इंजेक्शन त्या अडकलेल्या निरोपाला पेशीच्या आत मध्येच अडवतं. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. १२१ मुलांच्या चाचणीत वर्षाला सरासरी १.५७ सेंटिमीटर जास्त वाढ दिसली. महाग आहे, वाढपट्ट्या मिटेपर्यंत रोज घ्यावं लागतं, आणि घ्यायचं की नाही हे हाडं-हार्मोनच्या डॉक्टरांशी बसून ठरवायचं. माझं मत मी लपवलं नाही. उंचीपेक्षा आधी श्वास, कणा आणि कान.

शेवटी आईने दुसऱ्या बाळाचं विचारलं. या दोघांना पुन्हा असं मूल होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी आहे. शून्य म्हणत नाही, कारण क्वचित बदललेल्या पेशींचा छोटा गट आईच्या किंवा बाबांच्या बीजपेशींत, म्हणजे बीजांड किंवा शुक्राणू बनवणाऱ्या पेशींत, असू शकतो. या मुलीला मोठेपणी मूल हवं असेल तेव्हा मात्र जोडीदार सामान्य उंचीचा असला तरी प्रत्येक खेपेला शक्यता निम्मी असेल. पुढच्या गरोदरपणात हवं असल्यास सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन हेच एक अक्षर तपासता येतं. ते तपासायचं की नाही हे त्या दोघांनी ठरवायचं, आणि गर्भ राहण्याआधीच एकदा बसून बोलून ठेवायचं, म्हणजे तेव्हा घाईत ठरवायची वेळ येणार नाही.