डिस्क भरली की रीबूट मारणारी क्रॉन लावू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उबंटूचा क्लाउड सर्व्हर, ५० जीबी डिस्क, महिना-दीड महिन्यात भरते. मोठे लॉग (प्रोग्राम आपल्या नोंदी लिहितात त्या फाइली) उडवले तरी डीएफ (डिस्क किती भरली हे सांगणारी कमांड) तोच आकडा दाखवतं, रीबूट केलं की जागा येते. मग दर रविवारी रीबूटची क्रॉन (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) लावावी की डिस्क वाढवावी?

दोन्ही नको. कमांड इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप इंग्रजीतच करायच्या.

रीबूटनंतर जागा येते ह्यातच उत्तर आहे. फाइल आरएमनं (फाइल उडवणारी कमांड) उडवली तरी ज्या प्रोसेसनं (चालू प्रोग्रामनं) ती उघडून ठेवलीय तिच्यासाठी ती जिवंत असते. नाव गेलं, ब्लॉक तिथंच राहिले. म्हणून फाइलींची बेरीज करणारं डीयू कमी सांगतं आणि डीएफ जास्त. 'सुडो एलएसओएफ +एल१' चालवा. नाव नसलेल्या पण उघड्या फाइली समोर येतील, शेवटी 'डिलीटेड' लिहिलेल्या. त्यातली मोठी बघा, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) आणि एफडी (उघड्या फाइलचा नंबर) टिपून घ्या. एफडी '४डब्ल्यू' दिसलं तर आकडा ४. मग 'सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/पीआयडी/एफडी/४' (पीआयडीच्या जागी टिपलेला नंबर, 'एफडी' तसंच). जागा तिथल्या तिथं मोकळी होते, सेवा चालू राहते. पण हे फक्त लॉगच्या बाबतीत करा, आणि ती फाइल कशाची आहे हे वाचल्याशिवाय हात लावू नका.

हे एवढं ठासून सांगायला कारण आहे. परभणीच्या मोंढ्यातल्या एका आडतीचा सर्व्हर असाच गेला. सोयाबीनचा सीझन, दिवसभर हिशोबपट्ट्या चालू, डेटाबेस मायएसक्यूएल ८.०ची जुनी आवृत्ती. ८.०पासून बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) मुळातच चालू असतो आणि ३० दिवस राहतो, हे सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला माहीत नव्हतं. आवक वाढली तशा बायनरी लॉगच्या फाइली वाढल्या आणि एका दुपारी डिस्क १०० टक्के. डिस्क भरली म्हणून मायएसक्यूएल मरत नाही, जागेची वाट बघत थांबतं. दुकानात मात्र स्क्रीन गोठलेली आणि शेतकरी पट्टीसाठी खोळंबलेले.

देखभाल करणाऱ्यानं डेटा फोल्डरात नावात 'लॉगफाइल' असलेलं जे दिसलं ते उडवलं. त्यात 'आयबी_लॉगफाइल०' आणि '१' होत्या. हा उगं पडलेला लॉग नव्हे, हा इनोडीबीचा (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) रीडू लॉग. डेटा फाइलीत अजून न उतरलेले बदल त्यातच असतात. (८.०.३०पासून ह्या फाइली वेगळ्या रीडू फोल्डरात गेल्या, म्हणून नव्या सर्व्हरवर हे नाव दिसणार नाही.) उडवूनही डीएफ हललं नाही, कारण मायएसक्यूएलनं त्या उघड्या धरल्या होत्या. त्या क्षणापर्यंत काहीही गेलेलं नव्हतं. 'सीपी /प्रॉक/पीआयडी/एफडी/आकडा' करून दोन्ही फाइली दुसऱ्या व्हॉल्यूमवर जशाच्या तशा उचलता आल्या असत्या. जागा करून मायएसक्यूएल नीट बंद केलं असतं तरी भागलं असतं. त्यानं कन्सोलवरून फोर्स स्टॉप मारला. प्रोसेस मेली, शेवटची प्रत तिच्याबरोबर गेली आणि इनोडीबी परत उठलं नाही.

मग बॅकअपचं फोल्डर उघडलं. 'एलएस -एल'मध्ये आठ ओळी, आठ तारखा, वेळ रोजची २०:३० (सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपले रात्रीचे २), आणि साइजच्या रकान्यात आठही ठिकाणी २०. एमबी नव्हे, २० बाइट. पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी जोडणी) काहीच आलं नाही तरी जीझिप (फाइल आवळणारी कमांड) २० बाइटची रिकामी फाइल बनवून मोकळं होतं.

झालं होतं असं. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमधला राहिला. डेटाबेसची प्रत (डंप) काढणाऱ्या मायएसक्यूएलडंपला रोज 'ॲक्सेस डिनाइड' मिळत होतं, पण पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडचा धरतात आणि शेवटी जीझिप होतं. ते यशस्वी. त्याच स्क्रिप्टची जुने बॅकअप उडवणारी शेवटची ओळ 'फाइंड ... -एमटाइम +७ -डिलीट' इमानेइतबारे चालू होती. रोज एक रिकामी फाइल आत, एक चांगली बाहेर. नऊ-दहा दिवसांत सगळे चांगले बॅकअप त्या ओळीनं साफ केले होते. जीएसटीच्या कामासाठी मुनीमजींनी आपल्या कॉम्प्युटरवर घेतलेला एक जुना डंप सापडला. पुढच्या तीन आठवड्यांच्या पट्ट्या कार्बन कॉपीवरून हातानं चढवल्या.

माझे भागीदार तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणतात, 'क्लाउडवर आहे ना, बॅकअप आपोआप असतो.' नसतो, भाऊ. साध्या व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) बहुतेक ठिकाणी तुम्ही वेळापत्रक लावल्याशिवाय कोणी घेत नाही. सर्व्हर मुंबईत असो की हैदराबादेत, काही फरक पडत नाही. डिस्कला काही झालं तर क्लाउड कंपनीची यंत्रणा सांभाळून घेते. तुम्ही स्वतः आरएम मारलं तर ती तेही इमानदारीनं करते.

म्हणून स्क्रिप्ट अशी लिहा. पहिली ओळ 'सेट -ईयूओ पाइपफेल', म्हणजे पाइपमधलं काहीही फसलं तरी स्क्रिप्ट थांबते. डंप '--सिंगल-ट्रान्झॅक्शन'नं घ्या, आणि आधी '.पार्ट' नावानं. मग 'झेडकॅट फाइल | टेल -एन १ | ग्रेप -क्यू "डंप कम्प्लीटेड"'. पूर्ण झालेल्या डंपची शेवटची ओळ हीच असते, मात्र '--कॉम्पॅक्ट' किंवा '--स्किप-कॉमेंट्स' लावलं असेल तर ती नसते. ह्यात पास झाली तरच एमव्ही करून खरं नाव द्या, दुसरीकडं कॉपी करा, आणि त्यानंतरच जुन्या फाइली उडवणारी फाइंडची ओळ. आधीचं काही फसलं तर डिलीटपर्यंत पोचायचंच नाही. '-डिलीट' नेहमी शेवटी. फाइंड डावीकडून उजवीकडं वाचतं, '-नेम'च्या आधी '-डिलीट' पडलं तर अख्खं फोल्डर जाईल. आणि '+७' म्हणजे सात दिवस नव्हे, पूर्ण आठ दिवस झालेली फाइल.

क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी) ओळीत तारखेचं टक्क्याचं चिन्ह टाकाल तर आधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर क्रॉन ओळ तिथंच तोडतं. पाथही (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) क्रॉनला तोकडाच मिळतो, म्हणून कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. सुरुवातीला 'फ्लॉक -एन' लावा, म्हणजे कालचा डंप चालू असताना आजचा सुरू होणार नाही. फसल्याची खबर ईमेलवर ठेवू नका, कारण बऱ्याच क्लाउडवर बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट बंद असतं आणि मेल निघतच नाही. टेलिग्रामचा बॉट करून कर्लनं मेसेज टाका.

तुमच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल असेल तर बायनरी लॉग आरएमनं कधीच उडवू नका. 'पर्ज बायनरी लॉग्ज बिफोर नाऊ() - इंटर्व्हल ३ डे', आणि कायमचं करायला 'सेट पर्सिस्ट बिनलॉग_एक्स्पायर_लॉग्ज_सेकंड्स = २५९२००'. रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची चालू प्रत) असेल तर ती मागं पडलेली नाही हे आधी बघा. सिस्टिमडीच्या जर्नलला (उबंटूचा स्वतःचा लॉग) 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम', आणि जर्नलडी.कॉन्फमध्ये 'सिस्टिममॅक्सयूझ=२००एम'. डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारी सोय) असेल तर त्याच्या लॉगसाठी डीमन.जेसनमध्ये 'मॅक्स-साइझ' १०एम, 'मॅक्स-फाइल' ३. हे फक्त नव्यानं बनवलेल्या कंटेनरना लागू होतं, जुने परत बनवावे लागतात.

ॲप लिहितंय तो लॉग लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग आवळून नंतर उडवणारी सोय) घाला: डेली, रोटेट ७, कॉम्प्रेस. ॲपला फाइल परत उघडायला सांगता येत नसेल तर 'कॉपीट्रंकेट' (कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करणं). त्यात कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी गळू शकतात, पैशाच्या व्यवहाराच्या लॉगला ते लावू नका.

आता डिस्क वाढवण्याचं. ५० जीबीला बायनरी लॉग आवरल्यावरही जागा पुरत नसेल तर जरूर वाढवा, पण ॲमेझॉनचा ईबीएस व्हॉल्यूम (त्यांची क्लाउड डिस्क) एकदा मोठा केला की लहान होत नाही. वाढवल्यावर 'ग्रोपार्ट' (डिस्क आणि पार्टिशनचा आकडा मध्ये जागा सोडून), मग फाइलसिस्टिम ईएक्सटी४ असेल तर 'रीसाइझ२एफएस', एक्सएफएस असेल तर 'एक्सएफएस_ग्रोएफएस'. डिस्क पूर्ण भरलेली असताना ग्रोपार्टला टेम्प फोल्डर बनवायलाही जागा नसते आणि ते तिथंच अडतं. तेव्हा '/टीएमपी'वर १० एमबीचं टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती डिस्क) माउंट करून चालवा, काम झालं की अनमाउंट करा. आणि डीएफला जागा दिसत असूनही 'नो स्पेस लेफ्ट' आलं तर 'डीएफ -आय' बघा. पीएचपीच्या लाखो सेशन फाइलींनी आयनोड (दर फाइलमागे एक लागणारी नोंदीची जागा) संपवलेले असू शकतात, आणि मग एलएसओएफमध्ये काहीच सापडणार नाही.