तणाव ओसरल्यावर मुलींनी काय करायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या शाळेच्या परिसरात दोन गटांत दगडफेक झाली. शाळा पुन्हा भरू लागली, पण नववी-दहावीच्या काही मुली अजून येत नाहीत. संस्थेने शांतता फेरी ठरवली आहे, मुलींनी पांढरे कपडे घालून पुढे चालायचं. याचा उपयोग होईल का?
— एक शिक्षिका, कोल्हापूर शहर

उत्तर : फेरी सध्या बाजूला ठेवा आणि हजेरीपट काढा. तणावानंतर घरातली पहिली बंदी मुलीच्या बाहेर पडण्यावर येते. आधी शाळा, मग क्लास, आणि थोड्या दिवसांत स्थळं बघणं सुरू होतं. ती घरात बसली की दुसऱ्या समाजातल्या मैत्रिणीशी असलेला तिचा रोजचा संबंधही तुटतो. गल्ली पुन्हा बोलती करायला हेच संबंध उपयोगी पडतात.

घटनेआधीच्या महिन्याची आणि आजची हजेरी वस्तीनुसार शेजारी मांडा. कुठून मुली येईनाशा झाल्या ते लगेच दिसेल. त्या घरी दोघींनी जा, त्यांतली एक आईच्या ओळखीची असावी. दारात उभं राहून ‘काय झालं’ विचारू नका, बाया गोळा होतात आणि मुलगी गप्प होते. आत बसून रस्त्याबद्दल विचारा : कोणत्या वळणावर, किती वाजता भीती वाटते?

मग मुलींकडून ड्रॉइंग शीटवर शाळेच्या वाटेचा नकाशा काढून घ्या. टोमणे मारले जातात तिथे लाल, अंधार असतो तिथे पिवळा, हाक मारली तर दार उघडेल अशा घरा-दुकानाला हिरवा. पहिल्या दिवशी प्रत्येक वस्तीच्या मुलींनी आपापला नकाशा काढावा, दुसऱ्या दिवशी सहा ते आठ जणींच्या मिश्र गटात ते जोडावेत. सुरुवातीलाच मिश्र गट केले तर नेमकी भीतीची जागा कोणी सांगत नाही, कारण ती समोरच्या मुलीच्या गल्लीत असते.

यातून दोन-तीनच मागण्या काढा, पंधरा दिवसांत झाल्या की नाही हे तपासता येतील अशा : शाळा भरताना-सुटताना निर्भया पथकाची फेरी, बंद पडलेला दिवा, केएमटी बसचा थांबा. अर्ज पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. नकाशावर मुलींची नावं किंवा घरं लिहू नका, त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. चुकीच्या हातात पडला तर तोच कागद मुलींच्या मागावर राहणाऱ्याच्या कामी येईल. कुठे अल्पवयीन मुलीच्या लग्नाची बोलणी कानावर आली तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न : जत्रेच्या मानावरून आमच्या गावात दोन भावक्यांत मारामारी झाली, केसेस पडल्या. मैत्रिणीशी बोलायचं नाही म्हणून घरून बजावलंय. आम्ही पोरींनी काय करावं? बैठकीत आम्हाला चहा द्यायलाच बोलावतात.
— बारावीतली वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : एक गोष्ट करू नकोस : दोन घरांमध्ये निरोप नेऊ-आणू नकोस. निरोप बिघडला की दोन्हीकडचा राग आणणारीवर निघतो. भांडणाचा निवाडा मोठ्यांनी करू दे. तुम्ही अशी मागणी धरा जी दोन्ही आळ्यांना हवीच आहे. उदाहरणार्थ : ‘दोन्ही आळ्यांच्या मुली एकाच एसटीने कॉलेजला जातील, त्यांना कोणी अडवणार नाही.’ हे वाक्य बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायचं. तोंडी हमी पुढच्या जत्रेपर्यंत कोणाला आठवत नाही.

हे मांडायला दोन जागा आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. मतदार नसल्यामुळे तुला तिथे मत नाही, पण आई, काकू हा विषय मांडू शकतात. दुसरी जागा ग्राम बाल संरक्षण समिती. सरपंच तिचे अध्यक्ष असतात आणि मुलांचे दोन प्रतिनिधी तिच्यात असायला हवेत. शेवटची बैठक कधी झाली, ते अंगणवाडीताईंना विचार. प्रतिनिधी प्रत्येक आळीतली एक, अशा दोघी असाव्यात. एकटीला सहज गप्प बसवतात. बैठक दिवसाउजेडी ठेवायला सांगा.

मारामारी डोळ्यांनी पाहिली असेल तर लक्षात ठेव : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साक्षीदार स्त्रीला, मग वय कितीही असो, चौकशीसाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं.

प्रश्न : शांतता समितीत मुली घ्या, असा आग्रह होतोय. दगड मारणारे मुलगे, समजवायचं त्यांना. मुलींचा यात संबंध काय?
— मंडळाचे कार्यकर्ते, कोल्हापूर

उत्तर : हाच हिशेब पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये महागात पडला. २००२ मध्ये तिथलं यादवी युद्ध संपलं. लढणाऱ्यांच्या पुनर्वसनाच्या यादीत येण्यासाठी अनेकदा शस्त्र जमा करावं लागे. पळवून नेलेल्या कितीतरी मुलींना स्वयंपाक, ओझी वाहणं, जबरदस्तीचा संसार करावा लागला होता. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, म्हणून त्या यादीबाहेर राहिल्या आणि कडेवर मूल घेऊन मदतीविना गावी परतल्या. गावानेही त्यांना नावं ठेवली. सशस्त्र गटांत ओढल्या गेलेल्या मुलांसाठीच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय पॅरिस तत्त्वांनी हे स्पष्ट केलं : बंदूक असो वा नसो, सशस्त्र गटासाठी राबवलेलं मूल मदतीला पात्र.

नेपाळात २००६ च्या शांतता करारानंतर माओवादी लढवय्यांच्या छावण्यांमधले सुमारे चार हजार जण पडताळणीत बाद ठरले, त्यांतले २,९७३ अल्पवयीन म्हणून. २०१० मध्ये त्यांना घरी पाठवलं ते ‘अयोग्य’ हा शिक्का मारून. छावणीत जातीबाहेर लग्न केलेल्या कित्येक मुलींना ना माहेर उरलं, ना सासर.

तुमच्या बैठकीत ‘दगड कोणी मारला’ याच्या जोडीने ‘बाहेर पडणं कोणाचं थांबलं’ हेही विचारा. नुकसानीच्या यादीत दुकान, गाडी येते. मुलीचं शिलाई मशीन, बुडालेली परीक्षा येत नाही.

आणि घटना घडल्यावरच बोलावू नका. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, कारण शांततेच्या दिवसांतही त्या समित्या भेटत होत्या. कोल्हापुरात तर पाया तयार आहे, कितीतरी तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही. अडचण एवढीच की तालमीचा कट्टा पुरुषांचा. बैठक शाळेच्या वर्गात, संध्याकाळी पाचला ठेवा, दर महिन्याला, मुली येतील.

प्रश्न : एका मुलीबद्दलचा भडकाऊ मेसेज फिरतोय. ‘हे खोटं आहे’ असं माझ्या मुलीने ग्रुपवर लिहावं का?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : नको. तिच्या नंबरवरून गेलं की रोख तिच्याकडे वळेल, आणि खोडून काढण्यासाठी पुढे पाठवलेला मेसेजही पसरतोच. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून तणाव किती झपाट्याने वाढला आणि इंटरनेट बंद करावं लागलं, ते आपण पाहिलं आहे. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, तुमच्या नावाने पोलीस ठाण्यात द्या. जमाव जमत असेल तर थेट ११२. मेसेजमधल्या मुलीचं नाव किंवा फोटो नातेवाइकांनाही पाठवू नका.