घणसोलीच्या मुलाखतीआधी

प्रिय मुली,

बायोडेटा वाचला. 'टेलिकॉममध्ये आव्हानात्मक संधी हवी' ही वरची ओळ काढून टाक आणि तिथे नेमकं कोणतं काम हवंय ते लिही. आरएफ (टॉवर आणि फोनमधला रेडिओ सिग्नल), ट्रान्समिशन (टॉवरला नेटवर्कशी जोडणारे दुवे), फायबर, कोअर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग), नॉक (नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणारं केंद्र) ही वेगवेगळी कामं आहेत. एकच बायोडेटा सगळीकडे पाठवलास तर पहिल्याच चाळणीत गळेल. नॉकसाठी रात्रपाळीची तयारी आहे असं स्पष्ट लिही, फील्डच्या कामासाठी दुचाकीचा परवाना असल्याचं.

अनुभव नाही म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टनी पान भरू नकोस. त्यापेक्षा रविवारी ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी पकड, घणसोलीला उतर आणि सेक्टरांमधून तासभर चाल. फोनमध्ये जी-नेटट्रॅकसारखं सिग्नल मोजणारं अ‍ॅप असू दे. दर शंभर पावलांवर आरएसआरपी (सिग्नलची ताकद), एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ), पीसीआय (सेलचा, म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाच्या क्षेत्राचा, ओळख क्रमांक) आणि बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) वहीत टिप. आरएसआरपी उणे ८५ डीबीएमच्या आसपास असेल तर सिग्नल चांगला. उणे ११० च्या खाली गेला की अडचणी सुरू. पण तुझं लक्ष हवं ते वेगळ्याच जागेवर: आरएसआरपी उणे ८०, तरी एसआयएनआर शून्याखाली. फोनवर दांड्या भरलेल्या आणि नेट मात्र रखडतंय. अशा ठिकाणी बहुतेकदा शेजारचा सेलही तितक्याच जोरात पोचत असतो. एलटीईमध्ये (४जी) असं दिसलं तर दोन्ही सेलच्या पीसीआयला ३ ने भागून बघ. बाकी सारखीच उरली तर त्यांचे रेफरन्स सिग्नल (ज्यांवरून फोन सेलची ताकद मोजतो) एकमेकांवर पडत असण्याची दाट शक्यता आहे. उपाय दोन: अँटेना खाली झुकवणं किंवा पीसीआय बदलणं. या निरीक्षणाचा एक पानी अहवाल बायोडेटाला जोड. फ्रेशरच्या अर्जात असं पान क्वचितच असतं, आणि मुलाखत त्याच पानावरून सुरू होईल.

डीबी (ताकद किती पट वाढली-घटली त्याचं माप; डीबीएम म्हणजे तेच एक मिलिवॅटच्या तुलनेत) तोंडपाठ नको, हातात बसायला हवं. ४६ डीबीएम म्हणजे ४० वॅट. केबलमध्ये ३ डीबी गेले की अँटेनाला २० वॅटच पोचतात. पावसाळ्यात व्हीएसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडे पाठवलेली ताकद किती परत फिरते त्याचं माप) अलार्म आला तर आधी जम्परच्या (अँटेनाला जोडणाऱ्या छोट्या केबलच्या) कनेक्टरवरची टेप बघायची, कारण पाणी तिथूनच शिरतं. टॉवरच्या साइटवर वीजपुरवठा उणे ४८ व्होल्टचा का, हे हमखास विचारतात. धन टोक अर्थला जोडलं की ओल्या जागी तांब्याचा गंज कमी होतो, असं उत्तर दे. फायबरसाठी ओटीडीआरचा (फायबरमध्ये प्रकाश सोडून तोटा कुठे होतो ते दाखवणाऱ्या यंत्राचा) आलेख वाचता यायला हवा. एकाच जागी १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला तोटा १३१० पेक्षा बराच जास्त दिसला तर केबल वाकली आहे; दोन्ही तरंगलांबींना जवळपास सारखाच असेल तर जोड बिघडलाय.

एखादं उत्तर येत नसेल तर तसं सांग, पण तपास कुठून सुरू करशील तेही लगेच सांग.

ऑफर आली की पगाराआधी पेरोल कोणाचा ते विचार. टॉवरची बरीच कामं कंत्राटदारामार्फत होतात, आणि ते काही वाईट नाही. मात्र पीएफ, पेट्रोलचे पैसे, उंचीवर चढण्याचं प्रशिक्षण आणि विमा लेखी हवा. हार्नेसशिवाय कोणी वर चढायला सांगितलं तर सरळ नकार दे. आणि ट्रेनिंगच्या किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी पैसे मागितले तर तिथेच फोन ठेव.

दुरुस्त बायोडेटा पाठवशील तेव्हा घणसोलीचे आकडेही पाठव, तेच आधी बघेन.