अमेरिकेतल्या ब्लॅक स्टँड-अप कॉमेडियन बायका सतत सेक्सवरच का बोलतात?

तुमच्या प्रश्नातला 'सतत' मला मान्य नाही, पण 'का'चं उत्तर द्यायला आवडेल. त्यासाठी एका बोळक्या म्हातारीपासून सुरुवात करते.

तिचं नाव मॉम्स मेबली. मूळची नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्रेव्हर्डची. गोऱ्यांची आणि काळ्यांची थिएटरं वेगळी होती त्या काळात ती काळ्यांच्या थिएटरांत घडली, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत, हार्लेममध्ये, अपोलो थिएटरात गाजली आणि १९६२ मध्ये थेट कार्नेगी हॉल या तिथल्या मानाच्या सभागृहात पोचली. अंगात ढगळ घरगुती झगा, डोक्यावर चुरगळलेली टोपी, तोंडात दात नाहीत. हे म्हातारीचं सोंग तिने तरुणपणीच घेतलं होतं बरं का! आणि ही म्हातारी बोलायची काय, तर म्हातारे नकोत, मला तरणी पोरं हवीत. म्हाताऱ्याचा उपयोग एकच, एखाद्या तरुणाचा निरोप आणून देणं. वडिलांना पसंत पडला म्हणून आपल्याला एका थेरड्याशी लग्न करावं लागलं, ही गोष्ट तर ती रंगवून रंगवून सांगायची. लोक खो खो हसायचे आणि तेवढ्यात बापाचं माप त्याच्या पदरात पडायचं.

आपल्याकडे लग्नघरात हळदीच्या दिवशी आज्या-मावश्या जे बोलतात, ते नव्या सुनेने बोलून बघावं! वयाची सूट असते ती. मेबलीने ती वय व्हायच्या आधीच उचलली.

यात आणखी एक मेख आहे. अमेरिकन करमणुकीत ब्लॅक बाईसाठी दोन साचे तयारच असायचे. गोऱ्यांची पोरं सांभाळणारी, स्वतःची इच्छाच नसलेली 'मॅमी', नाहीतर वासनेशिवाय दुसरं काही नसलेली 'जेझबेल'. मेबली पहिलीसारखी दिसायची आणि बोलायची मात्र आपल्याला काय हवंय ते. त्यामुळे ब्लॅक बाईने सेक्सवर बोलणं हा नुसता चावटपणा उरत नाही.

स्टेजवरून उतरली की मात्र ती पुरुषी सूट घालायची. तिचं प्रेम बायकांवर होतं आणि बरोबर काम करणाऱ्यांना ते ठाऊक होतं. नर्तकी नॉर्मा मिलरने सांगितलंय की आम्ही तिला 'मिस्टर मॉम्स' म्हणायचो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला तिचे तरण्या पोरांवरचे विनोद ढोंगी वाटले होते. आता तसं वाटत नाही. त्या काळात आणखी कुठला दरवाजा उघडा होता तिला?

उघडपणे बोलायचा तो दरवाजा पुढे कॉमेडियन वांडा साइक्सने उघडला. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहांवर बंदी आणणारा कौल लागल्यावर, नोव्हेंबर २००८ मध्ये, लास व्हेगासच्या एका सभेत तिने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षीच्या 'आय'मा बी मी' या कार्यक्रमात ती म्हणते, ब्लॅक असण्यापेक्षा गे असणं अवघड, कारण आपण ब्लॅक आहोत हे मला घरी सांगावं लागलं नव्हतं. आणि मग ती तेच करून दाखवते. आई, बाबा, मी ब्लॅक आहे! आई देवाचा धावा करते, पोरगी कुणाच्या संगतीत बिघडली ते शोधते. 'कमिंग आउट'ची, म्हणजे आपण समलिंगी आहोत हे घरी सांगण्याची, सगळी रडारड तिने एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली, बस. ब्लॅक आणि लेस्बियन दोन्ही असलेल्या बाईलाच ही तुलना परवडते. दुसऱ्या कुणी केली असती तर प्रेक्षक उठून गेले असते.

मोनीक ही आणखी एक ब्लॅक कॉमेडियन, ती मात्र मला तितकीशी आवडत नाही. जाड बाईचं शरीरही हवंहवंसं असतं हे ती ठणकावून सांगते, ते छानच, पण त्यासाठी बारीक बायकांना झोडपायची काय गरज?

बघायचं असेल तर आधी साइक्सचा तो 'मी ब्लॅक आहे'वाला तुकडा बघा, मेबली नंतर. आणि तिला सबटायटल लावून ऐका. बिनदातांचं ते इंग्रजी मला तीनदा मागे नेऊन ऐकावं लागलं होतं.