अठरा पूर्ण होताना : लेकीच्या प्रश्नाला उत्तर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस, "माझ्या ज्यू मैत्रिणीची बात मित्झ्वा झाली, मेक्सिकन मैत्रिणीची क्विन्सेन्येरा झाली, दोन्ही मुलगी मोठी झाल्याचे सोहळे. आपल्यात मूल मोठं झालं की काय करतात? मला अठरा पूर्ण होताना नुसता केक नकोय."

खरं सांगायचं तर अठराव्या वर्षाचा म्हणून आपल्यात एकही विधी नाही. अठरा हा आकडा कायद्याचा. भारतात सज्ञान कधी धरायचं ते १८७५च्या कायद्याने ठरवलं. मतदानाचं वय तर १९८९पर्यंत एकवीस होतं, घटनेच्या ६१व्या दुरुस्तीने ते अठरा झालं. जुनं सुभाषित सोळाव्या वर्षी मुलाशी मित्रासारखं वागा म्हणतं. मुंज परंपरेने आठव्या वर्षी, तीही काही घरांतच आणि बहुतेक मुलग्यांची. तेव्हा "हाच तो दिवस" असं दाखवायला माझ्याकडे काही नाही.

पण मागे वळून बघायला लागणारं सगळं साहित्य आपल्या रीतींमध्ये आहे. जन्मल्यापासून तुझ्यासाठी एकामागून एक जे जे झालं, ते दुसऱ्या कोणीतरी केलं, आणि प्रत्येक कामाचा माणूस ठरलेला होता. बारसं घे. बाराव्या दिवशी पाळणा सजवतात, बायका "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देतात, मग आत्या वाकून कानात "कुर्र" करून नाव सांगते आणि तेवढ्यात बाकीच्या तिच्या पाठीत धपाटे घालतात. नाव देण्याचा मान आत्याचा, धपाटे खाण्याचाही तिचाच. उष्टावण मुलीचं विषम महिन्यात, म्हणजे पाचव्या किंवा सातव्या, मुलाचं सम महिन्यात. पहिला खिरीचा घास मामाच्या हातून. जावळ मामाच्या मांडीवर. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान बोरन्हाण : काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. ते वेचायला आळीतली पोरं.

यातलं तुला काहीच आठवणार नाही. म्हणूनच अठरा पूर्ण होताना पहिल्यांदा ते सगळं स्वतः मोजून बघायचं. माझं सांगणं एवढंच, की स्वतःचा आढावा घेताना "मी काय केलं" पासून सुरुवात करू नकोस, "माझ्यासाठी कोणी काय केलं" पासून कर.

त्यासाठी शंभर पानी वही घे. वर्षाला समोरासमोरची दोन पानं, म्हणजे छत्तीस पानं लागतील, बाकीची पुढे उपयोगी पडतील. आपल्या जुन्या रोजकीर्दीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असतं. ज्याच्याकडून आलं त्याच्या नावावर ते जमा. डावी बाजू भरली म्हणजे श्रीमंत झालो असं नाही, तेवढं देणं आपल्यावर आहे. तू तशीच मांडणी कर. डावीकडे माणसाचं नाव, नातं आणि त्याने नेमकं काय दिलं, शिकवलं किंवा सोसलं. उजवीकडे तू त्याला काय दिलंस. पानाच्या तळाशी एक ओळ : त्या वर्षी काय सुटलं. मैत्रीण, गाव, सवय, भाषेतले शब्द, काहीही.

एका बैठकीत तीनच वर्षं घे, दोन तास पुरतात. सहा बैठका होतील, म्हणून वाढदिवसाच्या दोन-तीन आठवडे आधी बस. अठराव्यापासून मागे मागे जा. ताज्या वर्षांचा धागा हाताला लागला की त्याच्या आधीचं आपोआप सुटत जातं. पहिल्या वर्षापासून सुरू केलंस तर पहिल्या पानालाच अडशील, कारण चार वर्षांच्या आधीचं तुझ्याजवळ काहीच नसणार. ती पानं दुसऱ्यांना विचारूनच भरायची.

आणि विचारताना नेमकं विचार. आजीला "माझ्या लहानपणाबद्दल सांग" म्हटलंस तर "फार गोड होतीस गं" एवढंच येईल. त्याऐवजी, "माझं जावळ कोणत्या मामाच्या मांडीवर काढलं? तेव्हा मी रडले का? जेवायला काय होतं?" अशा प्रश्नांना आजी उठून कपाट उघडते. तारखांसाठी जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळेची प्रगतिपुस्तकं, जुन्या पासपोर्टवरचे शिक्के. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोच्या तारखेवर विसंबू नकोस : तो पाठवताना मूळ तारीख गळून पडते आणि फोनमध्ये दिसते ती बहुतेकदा तुझ्याकडे आला त्या दिवसाची. मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये किंवा कॅमेऱ्यात आहे त्याच्याकडून मागव.

हा आढावा बिघडतो तो दोन ठिकाणी. एक, त्याचं प्रशस्तिपत्रकांचं पान होतं : पोहण्याचं पदक, गणिताची स्पर्धा, कॉलेजच्या अर्जात लिहिलेलं सगळं. ते अर्जात गेलंय, इथे नको. पदक मिळालं त्या वर्षी पहाटे पाचला गाडी कोण काढायचं, ते लिही. दुसरं, उजवी बाजू मोकळी दिसली की मन खट्टू होतं आणि मुलं तिथे "यापुढे मी असं करीन" अशी वचनं लिहायला लागतात. लिहू नकोस. अठराव्या वर्षी उजवी बाजू मोकळी असायचीच, त्यात शरम काही नाही. झालेलं तेवढंच मांड.

कोणी राहून गेलं का हे तपासायला जुनी तीन ऋणं हाताशी धर. पितृऋण घरच्यांचं, ते सहज आठवतं. ऋषिऋण शिकवणाऱ्यांचं, त्यात फक्त आवडते शिक्षक नकोत, ज्यांच्या तासाला कंटाळा यायचा पण ज्यांच्यामुळे अपूर्णांक कळले तेही हवेत. देवऋण तुला पटेल तसं घे. मी त्यात आयतं मिळालेलं सगळं धरते : धडधाकट शरीर, पाणी, शांत झोप येईल असं गाव. माझ्या मते सर्वात जास्त वगळली जाते ती ही नोंद.

आता वाढदिवसाची सकाळ. तेल-उटणं लावून न्हायचं, पाटाभोवती रांगोळी, पूर्वेकडे तोंड करून बसायचं. ताम्हणात हळद, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि निरांजन. अक्षतांचे तांदूळ अख्खे हवेत, तुकडा नको. कुंकू लावून डोक्यावर अक्षता टाकायच्या, मग अंगठी आणि सुपारी चेहऱ्यासमोरून तीनदा ओवाळायची, मग निरांजन, मग तोंडात गोड. इथल्या, न्यूयॉर्कच्या थंडीत तूप थिजलेलं असतं आणि त्यात तशीच फुलवात खोचली की तिला तूप ओढता येत नाही; ती काजळते आणि मिनिटभरात विझते. तूप आधी पातळ कर, वात त्यात पाच मिनिटं भिजू दे, टोक बोटांनी पिळून वर काढ. निरांजन फुंकून विझवायचं नाही. वसतिगृहात असशील आणि ज्योत लावायला बंदी असेल तर सुपारी आणि अक्षतांनी ओवाळून घे, चालतं.

औक्षण दरवर्षीच होतं. या वर्षी त्याच्यानंतरचा नमस्कार जास्त महत्त्वाचा. वहीच्या डाव्या बाजूला जी हयात माणसं आहेत त्यांना एकेक करून फोन कर आणि "नमस्कार करते" म्हणून झाल्यावर त्यांच्या नावावरची एक नोंद वाचून दाखव, एकच. उन्हाळ्यात न्यूयॉर्कपेक्षा भारत साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. इथली सकाळची आठची वेळ त्यांना संध्याकाळच्या चहा-दिवेलागणीची पडते. म्हातारी माणसं आधी.

तिथीने करायचं की तारखेने, हेही विचारलं होतंस. दोन्ही चालतं, पण फरक समजून घे. २००७ साली भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, १५ सप्टेंबरला जन्मलेल्या मुलाची अठरा वर्षं तारखेने १५ सप्टेंबर २०२५ला भरली आणि तिथीने २७ ऑगस्टलाच. एकोणीस पूर्ण होताना मात्र ती चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ला, म्हणजे तारखेच्या एक दिवसच आधी. एकोणीस सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास बसतात, मधले सात अधिक महिने धरून, म्हणून दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख अशी शेजारी येतात. तुझ्याही बाबतीत ते पुढच्याच वर्षी होईल. तिथी बघताना पंचांग तू राहतेस त्या गावाचं घे, मुंबईचं नको : तिथी सगळीकडे एकाच क्षणी बदलते, पण वाढदिवसाला धरायची ती स्थानिक सूर्योदयाची. २०२५ची तीच चतुर्थी न्यूयॉर्कमध्ये २६ ऑगस्टला आली होती.

तुझी,
आई